ह्यांच्या पायाचं माप

दुकानातल्या त्या पोरीने ह्यांच्या बुटाच्या टोकावर अंगठा दाबला, मान वर करून विचारलं, “काका, कुठे लागत नाही ना?” आणि आमचे हे ताठ बसून म्हणाले, “छे छे, एकदम मस्त.” एवढंसं बोलणं ते. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, पंखा फिरत होता, नव्या रबराचा वास येत होता, कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. दादा तर खूश झाले. दादा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ अनिलदादा, मुंबईहून ह्या बुटांसाठी मुद्दाम आलेले. म्हणाले, “सांगितलं होतं ना बाबल्या? माझे हेच आहेत. लोण्यासारखे.” मला मात्र समोर दिसत होतं की बुटाची बाहेरची बाजू करंगळीपाशी फुगलीय. घट्ट ब्लाउज काखेत ओढतो तसं ते कापड ओढलं होतं. इतकी वर्षं शिवणयंत्रावर बसलेय मी, ओढलेलं कापड मला रस्त्याच्या पलीकडून दिसतं. मस्त म्हणे! अहो, लागलं तरी तुम्हाला कळणार आहे का, असं ओरडावंसं वाटलं. पण मी ओठ आवळून मोज्यांच्या मांडणीला पाठ लावून बसून राहिले. ह्या वेळी मी बोलणार नव्हते. डॉक्टरांनी मला हात जोडून सांगितलं होतं, बाई, तुम्ही नका बोलू, त्यांना बोलू दे.

त्या डॉक्टरांकडची गंमत सांगते, गंमत म्हणायची तर. ह्यांना साखर जुनीच. गोळ्या घेतात, चहा बिनसाखरेचा पितात आणि माझी पाठ वळली की फणसपोळीचा तुकडा गालात सरकवतात, तो भाग वेगळा. पायाच्या करंगळीला जखम झाली म्हणून गेलो, तर डॉक्टरांनी ह्यांना आडवं केलं, डोळे मिटायला लावले आणि नायलॉनच्या दोऱ्यासारखं काहीतरी घेऊन तळव्याला लावायला लागले. लागलं की हो म्हणा, म्हणाले. टाचेला लावलं, हे म्हणाले, “हो.” अंगठ्याखाली लावलं, “हो.” मला हायसं वाटलं. मग डॉक्टरांनी दोरा उचलून हवेत धरला, पायाला लावलाच नाही, आणि नुसतं विचारलं, “आता?” “हो.” “आणि आता?” “हो, हो.” डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, मी डॉक्टरांकडे. हवेला हो म्हणत होता माझा नवरा, डोळे मिटून, गालात हसत. बाहेर आल्यावर मी विचारलं, “कळत नव्हतं तर हो का म्हणत होतात?” तर म्हणतात कसे, “ते एवढे मनापासून विचारत होते गो.” आता ह्याला काय बोलायचं! नंदीबैलसुद्धा गुबूगुबू वाजल्याशिवाय मान हलवत नाही. डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, दोन्ही तळवे बधिर झालेत. करंगळीची जखम खोल आहे. ही भरली तर भरली, पण पुन्हा झाली तर बोट काढावं लागेल, आणि बोटावरच थांबेल असं मी लिहून देत नाही. येतं ते हत्तीच्या पावलाने आणि जातं ते मुंगीच्या, असं दुखण्याचं म्हणतात. ह्यांचं दुखणं तर पाऊल न वाजवताच घरात शिरलं होतं.

जखम भरायला पावसाळ्यातला उरलेला सगळा काळ गेला. मलमपट्टी मी करायचे. पट्टी सोडताना मी डोळे बारीक करायचे आणि हे शांतपणे टीव्ही बघायचे, मी कोणा दुसऱ्याचा पाय धुतेय असे. भरली एकदाची. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता चालायला लागा. चालल्याशिवाय साखर उतरायची नाही. पण बूट नीट घ्या. संध्याकाळी जाऊन घ्या, संध्याकाळी पाय सुजलेला असतो, सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. पुढून रुंद घ्या. मोजे पांढरे घ्या, म्हणजे रक्त आलं तर दिसेल. कपडे सैल, घाम टिपणारे, कमरेला काचणार नाहीत असे. आणि मग मला बाजूला घेऊन ते वाक्य. मी तेव्हा चिडले होते. तीस वर्षं ह्यांच्या वतीने मी बोलतेय, नाहीतर भाजीवाल्याने सडके टोमॅटो दिले तरी हे ‘छान आहेत’ म्हणून घेऊन येतात. पण रात्री विचार केला तेव्हा वाटलं, डॉक्टर बरोबर बोलले. मी जोवर बोलतेय तोवर ह्यांना बोलायचं कारणच काय?

आता ही जखम झाली कशी, तर बुटानेच, आणि बूट होते दादांचे. आमच्या लांज्याकडच्या घरांत एक रीत असते, कोणी घालून दिलेली नाही, आपोआप चालत आलेली. एक भाऊ मुंबईत, एक इकडे. मुंबईच्या भावाच्या अंगावरून उतरलेलं इकडच्या भावाच्या अंगावर चढतं. त्यात कमीपणा नाही हां. दादा काही फाटकं धाडायचे नाहीत. धुतलेलं, इस्त्री केलेलं, बटणं तपासलेलं असं सगळं पिशवीत घालून रातराणी एस.टी.च्या ड्रायव्हरकडे द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायचे, “मिळालं? घातलं? बसतं ना?” हे म्हणायचे, “झकास.” दादा उंच, शेलाटे. हे बसके आणि रुंद. मग ती पँट माझ्या यंत्राखाली यायची. दादांची उंची मी ह्या हातांनी किती वेळा कापली असेन, आणि छातीत किती वेळा शिवण सोडली असेन, गणती नाही. कापड बिचारं ऐकतं. आत घेता येतं, सोडता येतं, तुकडा जोडता येतो. बुटाला काय करणार? दादांचं पाऊल लांब आणि अरुंद, ह्यांचं आखूड आणि बदकासारखं पसरट. पुढच्या टोकात जुन्या बनियनचा बोळा कोंबायचा आणि वर नाडी आवळायची, बाजूला चेपलं तर चेपलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते तेव्हा असेच बूट, निवृत्त झाले तरी असेच बूट. बोळा मीच करून द्यायचे. इतकं अंगवळणी पडलं होतं की नवा बूट आला की मी आधी चिंधी शोधायचे.

आणि त्यात भर त्या टी-शर्टाची. दादा निवृत्त झाल्यावर मुंबईत पळायला लागले. पासष्टीला आलेला माणूस, पण हौस. शर्यतीत भाग घेतला की एक टी-शर्ट मिळतो म्हणे, भडक, छातीवर मोठ्ठी इंग्रजी अक्षरं. असे चार जमले तेव्हा दोन इकडे आले. हे त्यातला एक घालून इथे रत्नागिरीत थिबा पॉइंटला सकाळचे फिरायला जायचे. तिथे शुभंकर म्हणून एक तरणा मुलगा पळणाऱ्यांचा कंपू घेऊन यायचा. त्याने ह्यांच्या छातीवरची अक्षरं वाचली आणि विचारलं, “काका, ही मॅरेथॉन तुम्ही पूर्ण केलीत?” दुसरा कोणी असता तर हसून म्हणाला असता, नाही रे बाबा, भावाचा शर्ट आहे. आमचे हे म्हणाले, “हो.” हात दाखवून अवलक्षण! मग काय, काका आमच्याबरोबर रविवारी भाट्याच्या समुद्रावर चला, नव्या पोरांना दोन शब्द सांगा, थोडं पळून दाखवा. “हो.” गेले. वाळूत पळाले, पुलापर्यंत पळाले, टाळ्या घेतल्या, घरी आले, मोजे काढून बाथरूमकडे गेले. मी फरशी पुसत होते. स्वयंपाकघरापासून बाथरूमपर्यंत फरशीवर तांबडे ठसे. मला आधी वाटलं, कोकमाची बाटली फुटली. “अहो, पाय बघा तुमचा!” तर खाली बघून म्हणतात, “अगो, हे कधी झालं?” त्या क्षणाची भीती माझ्या अंगातून अजून गेली नाही. रक्ताची नव्हे. त्या प्रश्नाची. स्वतःच्या पायाला काय झालं ते हा माणूस मला विचारत होता.

म्हणून मी दादांना फोन केला होता. तेव्हा फक्त एवढंच सांगितलं, पायाला जखम झालीय. आणि आता जखम भरल्यावर बूट घ्यायचेत म्हटल्याबरोबर दादा दुसऱ्या दिवशीच्या गाडीने हजर. “आता जुने नाहीत हां बाबल्या, नवे कोरे, मी घेऊन देतो.” रक्ताची माया आहे हो, खोटं कशाला बोलू. वडील लवकर गेले, तेव्हापासून दादाच ह्यांचे बाप. मारुती मंदिराजवळच्या त्या बुटांच्या दुकानात शिरलो तेव्हा त्या पोरीने, मनस्वी नाव तिचं, छातीवर पट्टी होती, आधी नंबर विचारला. ह्यांनी पाढा म्हटल्यासारखं सांगितलं, “आठ.” तिने तरी लोखंडी माप आणून त्यावर पाऊल ठेवून घेतलं आणि म्हणाली, “काका, तुम्हाला सात लागेल. पण रुंद.” हे तिच्याकडे बघतच राहिले. साठीला टेकलेला माणूस, नातवाचं तोंड बघितलेला, आणि आज त्याला कोणीतरी सांगतंय की तुझा पाय निराळा आहे. मीही चाट पडले. ह्यांची छाती, खांदा, गळा, बाही, सगळी मापं मला झोपेतून उठवून विचारा. पायाचं माप मी कधी घेतलंच नव्हतं. दादा हसले. “छे गो, आठच घालतो तो. कायम आठ घालत आलाय.” आणि निळा, पुढून निमुळता जोड त्यांनीच खोक्यातून काढला. पोरीने माप उचलून ठेवलं. गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार?

आणि तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात ते आलं. डॉक्टरांकडून आल्यापासून ते रोज येत होतं आणि मी रोज भाकऱ्या थापता थापता त्याला मागे ढकलत होते. हवेला हो म्हणणाऱ्या माणसाचं कुठलं हो खरं धरायचं? आमटी बरी झालीय का, हो. चार दिवस माहेरी जाऊ का, हो. ही साडी शोभते का, हो. ह्याचं मी किती कौतुक करायचे बायकांमध्ये! आमचे हे कधी मोडता घालत नाहीत, असं. आता ती सगळी होकारांची रास माझ्यापुढे पडली होती आणि त्यातलं एकही नाणं वाजवून बघायची माझी छाती होत नव्हती. आणि राशीच्या अगदी तळाशी ते पहिलं. मला बघायला दोघे भाऊ मालगुंडला आमच्या घरी आले होते. हे खाली मान घालून पोहे खात होते, बोलत होते ते दादाच. दादांनी विचारलं, “मुंबईला राहायला आवडेल का?” माझी जीभ तेव्हापासूनच अशी. मी म्हटलं, “मुलगा रत्नागिरीत नोकरीला आहे ना? मग मुंबईचं कशाला विचारताय?” आत्याने मागून चिमटा काढला. दादा मात्र मोठ्याने हसले. ते गेल्यावर धाकटी बहीण पोट धरून सांगत आली की नवरामुलाच्या बुटात चिंध्यांचा बोळा आहे, मुलगा बुटाएवढासुद्धा नाही. आत्या म्हणाली, तोंड तरी आहे का त्याला? भाऊ म्हणेल ती पूर्व. मग महिनाभर काही निरोप नाही. आम्ही नाद सोडला होता. आणि एक दिवस दादा स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन दारात.

म्हणजे मला निवडली ती दादांनी. हे मी तेव्हाच गृहीत धरलं आणि त्यात मला काही वावगंही वाटलं नव्हतं, सगळीकडे तसंच चालायचं. पण आता तो निळा बूट बघताना वाटायला लागलं, त्या वेळीही असंच झालं असेल. दादांनी विचारलं असेल, काय बाबल्या, चालेल ना? आणि ह्यांनी मान हलवली असेल. म्हणजे मीसुद्धा त्यातलीच, मुंबईच्या पिशवीतून आलेली वस्तू. काचत असेन, टोचत असेन, पण सांगणार कोण? एकतीस वर्षं झाली. ह्या माणसाने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. मी त्याला सुख समजत होते. ते सुख होतं की बधिरपणा? आणि मग आणखी एक वाईट विचार आला, इतका वाईट की मी पर्सचा पट्टा घट्ट धरला. आज ह्यांनी बुटाला नाही म्हटलं तर बोट वाचेल. मला ते हवंच होतं, जीव तोडून हवं होतं. पण एकदा ह्यांना नाही म्हणता यायला लागलं, तर मग हळूहळू माझ्यापर्यंतही ते येईल. संध्याकाळी कधीतरी चहा घेताना माझ्याकडे बघतील आणि त्यांना कळेल, की हीपण आपल्या मापाची नव्हती.

“काका, जरा चालून बघा ना,” मनस्वी म्हणाली. हे उठले. आरशापर्यंत गेले, वळले, परत आले. बुटाकडे एकदाही बघितलं नाही, सगळा वेळ दादांच्या तोंडाकडे. दादांनी खिशाला हात घातला होता. “काय बाबल्या? करायला सांगू पॅक?” ह्यांचे ओठ उघडले. मला तो ‘हो’ यायच्या आधी दिसतो, खालचा ओठ किंचित पुढे येतो. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. मी जीभ चावली, खरोखर चावली, दुखली. ह्यांनी मग एकदम खाली बघितलं, बुटाकडे, आणि येऊन स्टुलावर बसले.

“नाही,” म्हणाले. इतकं हळू की मनस्वीने विचारलं, “काय काका?”

“नाही म्हणजे काय?” दादा म्हणाले. “रंग नको का? काळा बघू?”

“रंगाचं नाही रे. मला कळतच नाही दादा. बसलाय की लागतोय, काही कळत नाही. पाय आहेत की नाहीत तेसुद्धा बघावं लागतं. मी आपलं हो म्हणतो.”

“अरे, पण मागचे तर बसत होते तुला!”

“नव्हते बसत.”

“आणि ते तपकिरी? ते तर तू कॉलेजात घालून जायचास.”

“तेपण नाही. एकपण नाही.”

दादांचं तोंड बघवेना. त्यांनी किती निगुतीने ते जोड पॉलिश करून पाठवले असतील ते मला ठाऊक होतं, कागदात गुंडाळलेले यायचे. मग ते उठले, गुडघे कटकन वाजले, आणि सरळ दुकानाच्या फरशीवर बसून ह्यांच्या बुटाची नाडी सोडायला लागले. हे पाय मागे घ्यायला लागले. “दादा, अरे नको. पाय नको धरू माझे. मोठा तू, कसं दिसतं ते!” “गप बस,” दादा म्हणाले. बूट काढला, पांढरा मोजा काढला. करंगळीवर नवी कातडी आली होती, पातळ, लालसर. दादांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि मान वर करून भावाच्या तोंडाकडे बघत राहिले. वाट बघत होते. ह्यांच्या तोंडावर काही उमटलं नाही. बोट कुठे ठेवलंय ते ह्यांना खाली बघूनच कळत होतं, आणि दादांना तेव्हा खरं काय ते समजलं. डोळे भरले त्यांचे. “मालन, बुटाने झालं होय गो हे? मला सांगितलं का नाहीस?” आम्ही सगळेच मूग गिळून बसलेलो, एकमेकांच्या मायेपोटी.

मग मला राहवलं नाही, पण मी बोलले नाही, काम केलं. मनस्वीकडून खोक्याचं झाकण मागून घेतलं, त्यावर ह्यांना उभं केलं आणि पर्समधल्या खडूने पावलाभोवती रेघ ओढली, ब्लाउजचा कागद कापताना ओढते तशी. निळ्या बुटातला आतला तळ काढून त्या रेघेवर ठेवला. दोन्ही बाजूंनी पाऊल बाहेर सांडलेलं. आता ते डोळ्यांना दिसत होतं, पायाला विचारायची गरजच नव्हती. मनस्वी आत जाऊन सात नंबरचा काळा, पुढून रुंद जोड घेऊन आली. त्याचा तळ रेघेवर ठेवला तर सगळ्या बाजूंनी रेघ आत, पुढे अंगठाभर जागा. दादा नाक मुरडत म्हणाले, “कसले डब्यासारखे दिसतात रे.” “डबा तर डबा,” हे म्हणाले. आणि मग ह्यांच्या तोंडाला त्या ‘नाही’ची चवच लागली. दादांनी चकचकीत, अंगाला चिकटणारा टी-शर्ट काढला, “नाही, काही लिहिलेलं नको.” घोट्याला आवळणारी पँट काढली, “नाही, सैल दाखवा.” सैल मिळाली, ती चार बोटं लांब होती, तेवढं माझं काम. शेवटी कोकमाच्या सरबताच्या रंगाचा एक सुती टी-शर्ट उचलला. मी म्हटलं, “अहो, ह्या वयात हा रंग?” तर माझ्याकडे वळून म्हणाले, “नाही, हाच.” मला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग धडकी भरली. पोचलंच की हे माझ्यापर्यंत, आजच्या आज.

बाहेर दिवे लागले होते. मारुती मंदिराच्या सर्कलला गाड्यांची ही गर्दी. दादा रिक्षा बघायला पुढे गेले. हे नवे बूट पायातच घालून निघाले होते, खाली बघत, पाऊल मोजूनमापून टाकत. मी पिशवी धरून शेजारी. वाटलं होतं, घरी जाऊ, चार दिवस जाऊ देत. पण माझ्याने धीर धरवेना. दुखणं अंगावर काढलं की काय होतं ते मी फरशीवर बघितलं होतं.

“एक विचारू? खरं सांगायचं. डॉक्टरांना सांगितलंत तसं नको.”

“विचार की.”

“मला बघून गेलात, तेव्हा दादांनी विचारलं म्हणून हो म्हणालात ना?”

हे थांबले. मागून एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत गेला. “दादाने विचारलंच नाही,” म्हणाले.

“म्हणजे?”

“दादाला तू नको होतीस.” हे माझ्याकडे न बघता बोलत होते, बुटांकडे बघून. “तिथे हसला तो, पण बाहेर पडल्यावर म्हणाला, पोरगी उलट बोलते, आपल्या घरात टिकायची नाही. त्याने लांज्याची एक बघून ठेवली होती. मी म्हटलं, नाही. मालगुंडचीच.”

“तुम्ही? दादांना म्हणालात?”

“मग? महिनाभर बोलत नव्हता माझ्याशी. शेवटी तोच पेढे घेऊन गेला तुमच्याकडे. पण त्याला फार लागलं होतं गो. तो मला बापाच्या जागी. तेव्हाच मनाशी ठरवलं, आता पुरे, पुन्हा ह्याला कशाला म्हणून नाही म्हणायचं नाही. शर्ट काय, बूट काय, तेवढ्याने काय बिघडतंय?”

काय बिघडतंय! मला राग आला, असा राग की हातातली पिशवी त्यांच्या डोक्यात घालावी. आणि आनंद झाला, इतका की लाज वाटली त्याची. एकतीस वर्षं मी एका नंदीबैलाची बायको म्हणून स्वतःची कीव करून घेत होते, आणि ह्या माणसाने आयुष्यात एकदाच मान आडवी हलवली होती, ती माझ्यासाठी, आणि त्याची भरपाई तो चिंध्या कोंबलेल्या बुटांतून चालत चालत, पायाच्या करंगळीपर्यंत करत आला होता. एका शब्दाने सांगितलं नाही. मला रडू फुटलं. हळूबिळू नाही, भर रस्त्यात, तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारखं. लोक वळून बघायला लागले. दादा रिक्षा घेऊन आले, आतूनच ओरडले, “काय झालं गो मालन? पडलीस का?” ह्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “पुरे आता. लोक बघतायत.”

“नाही,” मी म्हटलं, आणि तिथेच उभी राहून आणखी रडले.